मावळतीची भिंत

माझ्या हाताला गुण आहे असं आमची अख्खी गल्ली म्हणायची, आणि मीही ते खरं मानून बसले होते. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मी विशाखा तायडे, लेपमिस्त्री. वय पंचावन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. अकोल्यात आता मे महिन्यात सेहेचाळीस-सत्तेचाळीस म्हणजे कोणाला बातमीसुद्धा वाटत नाही. शाळा मार्चातच बंद होतात. बाजार पहाटे पाचला भरतो आणि नऊला उठतो. आणि मी बाई भर उन्हात परांचीवर चढून लोकांच्या भिंतींना लेप थापत असते. दुसऱ्यांची घरं गार करायची आणि आपण भाजून निघायचं, असा हा धंदा आहे.

त्याआधी वीस वर्षं मी कुलरच्या ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, भरायचे. कुलरमध्ये जादू काही नाही. ताटीवरून पाणी ओघळतं, पंखा बाहेरची हवा त्यातून ओढतो, हवा ते पाणी पिते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती त्या हवेतूनच जाते, म्हणून आत गार वारा येतो. हवा जितकी कोरडी तितका कुलर चांगला. आमच्या वऱ्हाडातली हवा कोरडी ठणठणीत, म्हणून आमच्यासारख्यांचं कुलरवर भागायचं. एसी घेणारे घेतात, पण त्याचं बिल भरायची ऐपत आमच्या गल्लीत कोणाची नव्हती.

आमची नऊ घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लागून. मागे तीन फुटांचा बोळ आणि त्याच्या पलीकडे कापसाच्या जिनिंगची आडवी भिंत. बोळाची दोन्ही तोंडं बंद. मागच्या भिंती मावळतीकडे, त्यामुळे दुपारनंतर त्या अशा तापायच्या की आतून हात लावून घेत नसत. माझ्या शेजारच्या खोलीत बेबीताई इंगळे भाड्यानं राहते. सत्तर वर्षांची, एकटी, उंचीला माझ्या खांद्याएवढीही नाही. जन्मभर शाळेत पोरांची खिचडी शिजवली आणि अजून कोणालाही भेटली की आधी “जेवली का?” विचारते.

आम्हा दोघींत कुलर एकच होता. तो तिच्या मागच्या खिडकीत, आणि आमच्या मधल्या भिंतीला भोक पाडलेलं, डोकं आत घालून बोलता येईल एवढं. तिच्या कुलरचा वारा भोकातून माझ्याकडे यायचा. ताट्या मी भरायच्या, टाकीत पाणी तिनं टाकायचं, बिल दोघींचं. दुपारी तीनला ती त्याच भोकातून चहाचा कप पुढे करायची. आणि संध्याकाळी जी आधी घरी असेल तिनं बोळात जाऊन दोघींच्या मागच्या भिंतींवर पाणी मारायचं, म्हणजे झोपण्याआधी भिंती निवतात. आधी घरी नेहमी तीच असायची. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी तीन तास लाईट गेली, कुलर बंद पडला आणि माझे यजमान गेले. तेव्हाही त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत बसली होती ती बेबीताईच. मी कामावर होते.

म्हणून लेप निघाला तेव्हा मी तो पहिल्याच तुकडीत शिकून घेतला. लाईट गेली तरी जो बंद पडत नाही असा गारवा मला पाहिजे होता.

लेप म्हणजे माती, त्यात एक क्षार आणि फार बारीक छिद्रांची एक भुकटी. रात्री हवेत थोडी ओल येते, ती लेप पिऊन घेतो. दिवसा ऊन चढलं की तीच ओल वाफ होऊन बाहेर पडते आणि जाताना भिंतीची उष्णता घेऊन जाते. आपल्याला घाम येतो आणि अंग निवतं, तसा हा भिंतीचा घाम. वीज नको, पंप नको, पाणी नको. बाहेर सेहेचाळीस आणि आत तेहतीस. यंदा फेब्रुवारीत सरकारची लेपयोजना आमच्या गल्लीत आली आणि आठ घरांना मी माझ्या हातानं लेप लावला. लोकांनी कुलर भंगारात दिले. पहिल्या दुपारी मी माझ्या खोलीत फरशीवर आडवी झाले आणि यजमानांची आठवण येऊन ढसाढसा रडले.

नववं घर बेबीताईचं. लेपासाठी घरमालकाची सही लागते. तिचा मालक हैदराबादला. सही केली तर भाडेकरूचं नाव सरकारी कागदावर चढतं, आणि ते त्याला नको होतं. तिनं चारदा फोन लावला. मग म्हणाली, “जाऊ दे वं. माह्या कुलर हाय नं.”

लेप लावून झाल्यावर मी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून सूचना सांगितल्या. खिडक्या दिवसा बंद ठेवा, लेपावर रंग देऊ नका, वरून पाणी मारू नका, क्षार धुऊन जातो. बेबीताईला बोलावलं नाही. तिला लेपच नव्हता, तर तिचं काय काम, असं मला वाटलं.

एप्रिलमध्ये योजनेचे तपासनीस ठोसर साहेब आले. तरुण माणूस, बोलायला गोड, कपाळावर सतत रुमाल. त्यांनी माझं घर नमुना घर म्हणून निवडलं. दर गुरुवारी येऊन माप घेणार, आणि माप चांगलं आलं तर जूनपासून मला शिक्षिका नेमणार. म्हणजे हॉलमध्ये उभं राहून दुसऱ्या बायांना शिकवायचं. परांची नाही, ऊन नाही. माझ्या गुडघ्यांनी ते ऐकलं आणि मला दुसरं काही ऐकू येईना.

“फक्त ते भोक बुजवा,” ठोसर म्हणाले. “शेजारच्या कुलरची ओली हवा तिथून आत येते. माप चुकतं.”

त्याच दिवशी मी विटा आणल्या.

“काय करून राहिली वं?” बेबीताईनं पलीकडून विचारलं.

“बुजवून राहिली. साहेबानं सांगतलं. माप चुकते म्हनते.”

“बुजव बाप्पा. तुह्यं घर हाय.” मग थोड्या वेळानं, “चहा कुठून देऊ मंग?”

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि शेवटच्या विटेवर थापी फिरवली. चहा काय, दारातूनही देता आला असता. पण तिनं दिला नाही आणि मी मागितला नाही. चार दिवस गेले, आठ गेले. अबोला धरायला भांडण व्हावं लागतं असं थोडंच आहे. समोरासमोर आलो की ती पदर नीट करायची, मी चप्पल शोधायची.

आणि गंमत पाहा. गल्लीतल्या सगळ्या घरांत आत तेहतीस, माझ्या घरात एकतीस! लेप तोच, माती तीच, हात तोच. ठोसर साहेबांनी तीनदा यंत्र बदलून पाहिलं. “विशाखाताई, तुमच्या हाताला गुण आहे,” म्हणाले. मला कोणी सांगायची खोटी, मी गल्लीभर मिरवले.

मेच्या तिसऱ्या रविवारी मी दुपारी झोपले होते. जाग आली ती खडखड आवाजानं. कुलरचा पंप कोरडा फिरत होता. मी वीस वर्षं कुलरमध्ये घालवलीत, तो आवाज मला झोपेतही कळतो. बेबीताई पंप कधी कोरडा पडू देत नाही. मी पडून राहिले. म्हटलं, उठेल, टाकेल पाणी. खडखड चालूच. खोटं कशाला बोलू, पाच-सात मिनिटं मी तशीच पडून होते, गारव्यात.

मग उठले. तिचं दार लोटलेलं होतं. उघडल्याबरोबर तोंडावर गरम ओली हवा आली. बेबीताई खाटेवर नव्हती. मधल्या भिंतीला, मी बुजवलेल्या भोकाच्या खाली, पाठ टेकून बसली होती. तिच्या खोलीत तेवढीच एक भिंत जराशी थंड होती, माझ्या बाजूच्या गारव्यामुळे. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

“पोरं आली का?” ती पुटपुटली. “खिचडी खाली लागली वं...”

“बेबीताई! अवं माय, मी विशाखा!”

मी तिला ओढत माझ्याकडे आणलं, फरशीवर निजवलं, ओली चादर टाकली, पंखा लावला आणि ऑटो बोलावला. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी तिला बर्फाच्या पिशव्यांत ठेवलं. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाल्या, “अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या. घरात कुलर नव्हता का?”

“होता. दुपारभर चालूच होता.”

“मग असं कसं झालं?”

ते मलाही कळत नव्हतं. पण पंप कोरडा पडला तो शेवटी, आणि ती आजारी पडली त्याच्या आधीच. पाणी टाकायला उठण्याची ताकद राहिली नव्हती म्हणून पंप कोरडा पडला.

दुसऱ्या दुपारी मी कामावर गेले नाही. तिच्या कुलरची टाकी भरली, चालू केला आणि दोन थर्मामीटर घेऊन बसले. ही ताटीवाल्यांची जुनी तपासणी आहे. एक थर्मामीटर कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं. ओलं फडकं वाळताना थंड होतं, म्हणून दुसरा खाली उतरतो. हवा कोरडी असेल तर खूप उतरतो, दमट असेल तर थोडाच. ओला थर्मामीटर जिथं थांबतो त्याच्या खाली कोणताही कुलर हवा नेऊ शकत नाही, आणि माणसाचा घामही अंगाला त्याच्या खाली निववू शकत नाही.

गल्लीत पुढच्या दारी ओला थर्मामीटर चोवीसवर थांबला. नेहमीचीच आमची हवा. बोळात नेला, तर एकतीस! बेबीताईच्या खोलीत तेहतीस. मी फडकं बदलून पुन्हा पाहिलं, आकडा हलेना.

बोळात उभी राहिले तेव्हा डोक्यात लख्ख झालं. आठ घरांच्या मावळतीच्या भिंती दुपारभर घाम गाळतात, तो घाम जातो कुठं? या बंद बोळात. आणि बेबीताईचा कुलर हवा ओढतो कुठून? याच बोळातून. आम्ही आठ जणी गार झालो आणि आमची वाफ आम्ही नवव्या घरात भरली. त्या आठही भिंतींना लेप मी लावला होता. गार किती होईल हे सगळ्यांनी विचारलं, ओल कुठं जाईल हे एकीनंही विचारलं नाही, आणि मिस्त्री असून मीही नाही.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. गुरुवारी ठोसर साहेब आले. त्यांनी यंत्र लावलं आणि कपाळाला आठ्या पडल्या.

“तेहतीस. ताई, काय झालं? सात आठवडे एकतीस येत होतं.”

“माहीत नाही साहेब.”

“काही बदललं का घरात?”

काहीच बदललं नव्हतं. आम्ही दोघं मागे बोळात गेलो. माझी भिंत पाहत मी उभी राहिले आणि मग ते दिसलं. लेपावर ओघळ होते. वरून खाली आलेले, पांढरे, क्षार धुतल्याचे. ते भिंतीच्या माथ्यापासून नव्हते, पाऊस असता तर तिथून असते. माझ्या डोक्याच्या थोडं वर सगळे ओघळ एका रेषेत सुरू होत होते. बुटक्या बाईनं खालून मगभर पाणी जोरात फेकलं तर जिथपर्यंत पोचेल, तिथपर्यंत. बेबीताईच्या मागच्या दाराशी बादली उपडी ठेवलेली होती आणि तिच्यावर मग.

मी तिथंच बोळात खाली बसले.

मी भोक बुजवलं, बोलणं सोडलं, तिला सूचना सांगायच्या लायकीची समजले नाही. आणि ती बाई रोज संध्याकाळी मी कामावरून यायच्या आत माझ्या भिंतीवर पाणी मारत होती, वीस वर्षं मारत आली तशीच. लेप रात्री हवेतली ओल प्यायचा, त्यात हे बादलीभर पाणी वर. म्हणून दुसऱ्या दिवशी माझी भिंत दुप्पट घाम गाळायची आणि मला एकतीस मिळायचं. आणि ती सगळी वाफ पहिल्यांदा जायची ती हातभर अंतरावरच्या तिच्याच कुलरमध्ये. तिच्या हातानं मारलेलं पाणी तिलाच घुसमटवत होतं. आणि कौतुक माझ्या हाताचं चाललं होतं.

मी ठोसर साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी थर्मामीटर पाहिले, ओघळांवर बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे चमकले.

“पण ताई, हा तर शोध आहे! बादलीभर पाण्यात दोन अंश! क्षार थोडा वाढवू. संध्याकाळी पाणी मारायची सूचनाच छापून देऊ. योजनेच्या तीन हजार घरांत दोन-दोन अंश, विचार करा. आणि हे शिकवणार तुम्ही.”

“आनं ज्याईच्या घरी कुलर हाय त्याईचं काय?”

“त्यांनीही लेप लावावा.”

“भाडेकरूले कोन लावू देते साहेब?”

त्यांनी कपाळावर रुमाल फिरवला. वाईट माणूस नाही तो. त्यालाही वर आकडे दाखवायचे असतात. हळू आवाजात म्हणाला, “ते धोरण माझ्या हातात नाही. माझ्या हातात तुमचं नाव आहे. नमुना घर चालू ठेवलं तर जूनपासून तुम्हाला परांचीवर चढावं लागणार नाही. या कागदावर सही करा.”

मला सही करायची होती. का नको म्हणू? तीस वर्षं उन्हात काढलीत, मला सावलीत उभं राहायचं होतं. पेन माझ्या हातात होतं. मी आत गेले, पाणी प्याले, आणि मधल्या भिंतीवरचा तो नवा चौकोन पाहिला. माझ्याच हातचं काम, अगदी गुळगुळीत. पलीकडून ती त्याच्याच खाली पाठ टेकून बसली होती.

बाहेर येऊन मी कागद कोरा परत दिला. “यात माह्या हातगुन काहीच नव्हता साहेब. नमुना घर दुसरं पाहा. आनं पान्याची सूचना छापानं तं छापा, पन ओल कुठं जाते ते आधी मोजा. माह्ये थर्मामीटर घेऊन जा पाह्यजे तं.”

त्यांनी थर्मामीटर घेतले. मोजलं की नाही, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी मी छिन्नी-हातोडी घेऊन भोक उघडलं. आधी होतं त्याच्या दुप्पट केलं, माणूस वाकून जाईल एवढं. तिचा कुलर बंद केला, तिची मागची खिडकी पत्रा ठोकून बुजवली आणि पंखा भोकाशी लावला. आता माझा गारवा दोन खोल्यांत वाटला जातो. दुपारी दोन्हीकडे पस्तीस असतं. पस्तीस म्हणजे चैन नाही, अंग चिकचिकतं. पण पस्तिसात माणूस मरत नाही. पलीकडच्या घरांनाही सांगितलं, बोळाचं एक तोंड फोडू या, हवा तरी वाहील. जिनिंगवाल्याची परवानगी लागते म्हणे. अर्ज केलाय. मी दमले आहे, पण अर्जाच्या मागे आहे.

बेबीताईला नवव्या दिवशी घरी आणलं. अर्धी झाली होती. खाटेवर टेकली आणि भोकाकडे पाहून म्हणाली, “अवं माय! हे कायचं भगदाड? मालक मले हाकलून देईन नं.”

“देऊ दे. माह्याकडं ये मंग.”

तीन वाजले होते. मी चहा केला आणि दारातून न जाता भोकातून कप दिला. तिनं घेतला आणि फुंकर घातली. ऊन कलल्यावर ती भिंत धरून उठली आणि मागच्या दाराकडे निघाली.

“कुठं चालली?”

“पानी मारते. नऊ रोज झाले, भिंती तापल्या असतीन.”

“नको मारू.”

“काहून?”

गुरुवारपासून दवाखान्यात बसून मी हेच ठरवत होते, सांगायचं की नाही. नाही सांगितलं तर ती मारत राहणार. सांगितलं तर काय होईल, ते मला तिच्या तोंडावर पाहावं लागणार होतं. मी तिला खाटेवर बसवलं आणि सांगितलं. लेप, घाम, बोळ, कुलर, सगळं, जसं बायांना शिकवलं असतं तसं. ती ऐकत राहिली. खिचडी शिजवणाऱ्या बाईला वाफेचं गणित दोनदा समजवावं लागत नाही.

“पन तू बोलत नव्हती माह्यासंग,” मी म्हटलं. “मंग पानी काहून मारत होती वं माह्या भिंतीवर?”

“भांडन तुह्यासंग होतं,” बेबीताई म्हणाली. “भिंतीनं माह्यं काय केलं होतं?”

त्याच भिंतीच्या घामानं आपल्याला पाडलं होतं, हे बोलल्यावर तिलाही कळलं असावं. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग मागचं दार तिनंच लोटून घेतलं, बादली आत ओढली आणि खाटेखाली सरकवली.

“मंग आता संध्याकाळी म्या करू काय?” तिनं विचारलं.